दीड गुंठ्याचं मशीन

फरशीवाला रविवारी सकाळी दहाला येणार, ही बातमी शालनला मेथी निवडताना कळली, आणि तीही सुनेकडून. सुनयना बिचारी जपूनच बोलली. "आई, फक्त माप घ्यायला येणार आहे तो." पण शालनचा सगळा जन्म रानात गेलेला. माप घ्यायला माणूस आला की पुढं काय होतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने मेथीची जुडी तशीच परातीत टाकली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

बेलापूरचं ते रो-हाऊस कोपऱ्यावरचं, म्हणून बाजूला मोकळ्या जागेची चांगली लांबलचक पट्टी मिळाली होती. कुलदीप तिला लॉन म्हणायचा, सुनयना गार्डन म्हणायची, आणि शालन मनातल्या मनात दीड गुंठा म्हणायची. चार वर्षांपूर्वी, साल ब्याण्णव असेल, साताऱ्याकडचं दोन एकर रान दिराच्या हवाली करून ती लेकाकडे राहायला आली, तेव्हा त्या जागेत बिल्डरने टाकलेल्या विटांच्या तुकड्यांशिवाय काही नव्हतं. तिने एकेक तुकडा वेचला, माती आणवली, हिरवळीचे गड्डे एकेक वितीवर लावले. घरात तिचं असं काही नव्हतंच. गॅस सुनेचा, टीव्ही नवऱ्याचा, फोन लेकाचा. त्या पट्टीत अनवाणी उभं राहिलं की मात्र तिला आपण अजून कोणीतरी आहोत असं वाटायचं.

तीन वर्षं तिने ती हिरवळ विळ्याने कापली, तीही अशी की गादी अंथरल्यासारखी दिसावी. मग गुडघे बोलायला लागले आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायची कायमची बंदी केली. कुलदीपने कंपनीतून विजेचं गवत कापायचं मशीन मागून आणलं आणि पाचव्या मिनिटाला ते त्याच्याच वायरवरून फिरवलं. मोठा आवाज झाला, अख्ख्या गल्लीचे दिवे गेले, आणि इंजिनिअरसाहेब आठ दिवस शेजाऱ्यांची नजर चुकवत हिंडले. तेव्हापासून गवत पोटरीपर्यंत आलं होतं. त्यात श्रावणातला ओलावा, त्यात डास. फरशी टाकली की कटकट मिटेल, स्कूटरही आत लावता येईल, असं कुलदीपने ठरवून टाकलं.

"पेट्रोलचं मशीन मिळतं की," रात्री जेवताना शालन म्हणाली. "त्येला वायर नसती."

"आणि ते चालवणार कोण, आई? मला आठवड्यातून एक रविवार. आबांना डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलंय."

"मी चालवीन."

कुलदीप हसला. वाईट हेतूने नाही, पोर चंद्रावर जाईन म्हणालं की बाप हसतो तसा. "बरं. तू एकटीनं सुरू करायचं, एकटीनं सगळी पट्टी कापायची. आबांनी हात लावायचा नाही. जमलं तर फरशीवाल्याला परत पाठवतो."

"शब्द?"

"शब्द," तो म्हणाला आणि त्याने भाताचं भांडं पुढे ओढलं. हसण्यावारी दिलेला शब्दही शब्दच असतो, हे इंजिनिअरच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी शालनने एक सुतळी घेतली, अंगणातून पट्टीकडे जायच्या लहान फाटकाला लावली आणि रुंदीवर गाठ मारली. ती सुतळी कनवटीला खोचून ती नवऱ्याबरोबर वाशीला निघाली.

नवरा हौसेराव म्हणजे माथाडी टोळीचा जुना मुकादम. बत्तीस वर्षं मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहिलेला गडी, आणि गेल्या दोन वर्षांपासून रिकामा. मशीन आपण घेऊन देणार, असं त्याने आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून त्याची मिशी जरा जास्तच वर गेली होती. मार्केटजवळचं पंप आणि फवारणी यंत्रांचं दुकान त्याच्या ओळखीचं. मालक दिनानाथ त्याला पाहताच गल्ल्यावरून उठला.

"या मुकादम! गवत कापायचं मशीन? घ्या ना, तीन पीस हायेत. कंपन्या घेऊन जातात आपल्याकडून. घरासाठी कोण विचारत नाय."

आता हौसेरावची यंत्र पारखायची एक रीत होती. तो वाकला आणि पहिलं मशीन दोन्ही हातांनी उचलून त्याने अंदाज घेतला. "बावीस किलो." दुसरं उचललं. "एकतीस." तिसरं, लाल, पुढे लोखंडी रूळ बसवलेलं, त्याने कुंथत चार बोटं वर घेतलं. "पंच्चावन्नला कमी न्हाई. ह्येच घ्यायचं! वजन हाय म्हंजे माल हाय."

"अवो, डॉक्टरनं काय सांगितलंय तुमाला?" शालन म्हणाली. तिने कनवटीची सुतळी काढून लाल मशीनवर धरली. मशीन गाठीच्या दोन बोटं बाहेर गेलं. "फाटकातनं जायचं न्हाई ह्ये."

"फाटक मोठं करू."

"मशीनसाठी?"

हौसेरावने मिशीवरून हात फिरवला, पण लाल मशीनवरचा हात काही काढला नाही.

"सुरू करून दावा," शालन दिनानाथला म्हणाली.

"मावशी, इथं दुकानात नाय सुरू करत. गॅरंटी आहे ना कंपनीची, टेन्शन कशाला घेता?"

"बैल घेताना औताला जुपून बघत्यात. दाव्याला बांधलेले बैल समदेच चांगले दिसत्यात." तिने दुकानाच्या मागच्या दाराकडे बोट केलं. तिकडे रिकामा प्लॉट होता आणि त्यात गुडघाभर गवत माजलं होतं. "थितं चालवून दावा. न्हाईतर आमी निघतो."

गिऱ्हाईक घरगुती, वेळ शनिवारची, दुकानात आणखी चार शेतकरी नोझल बघत उभे. दिनानाथने कपाळावरचा घाम पुसला आणि तिन्ही मशिनं मागे नेली.

लाल मशीन दोरीच्या पहिल्याच झटक्याला सुरू झालं. ते आपोआप चालणारं होतं आणि हौसेरावने ते मुकादमी थाटात हातात घेतलं. पुढे काय झालं ते आजही वाशीच्या त्या गल्लीत सांगतात म्हणे. मशीन पुढे, मुकादम मागे, धोतराचा सोगा हवेत, आणि "थांब की! अगं थांब!" असा पुकारा. पीव्हीसी पाइपांच्या ढिगाला जाऊन भिडलं तेव्हा कुठे ते थांबलं. शेतकरी खो-खो हसले. हौसेरावने धोतर झटकलं आणि त्या मशीनबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्याला रुळाभोवती गुंडाळल्यासारखी पाती होती. ते कात्रीसारखं छान कापायचं, पण चार पावलांवर उंच गवत पात्यांत अडकलं आणि मशीन गुदमरून बंद पडलं. बोटभर गवतापुरतं ते राजा होतं, पण शालनच्या दारात पोटरीभर उभं होतं.

राहिलं बावीस किलोचं. खाली पंख्यासारखं एकच पातं, उंची कमी-जास्त करायला बाजूला दांडी, आणि सुतळीच्या गाठीत आरामात बसणारं. शालनला ते बघताक्षणी आवडलं होतं. दिनानाथने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दहा वेळा ओढली. हौसेरावने ओढली, एका शेतकऱ्याने ओढली. मशीन ढिम्म.

"हा पीस बसून बसून खराब झाला मावशी," दिनानाथ धापा टाकत म्हणाला. "सोडून द्या. तो लालवाला घ्या, फर्स्ट क्लास."

जे शालनला पेलणार होतं तेच चालत नव्हतं, आणि उद्या सकाळी दहाला टेप घेऊन माणूस येणार होता. ती मशीनजवळ गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि तिने वास घेतला.

"पेट्रोल पिऊन बसलंय त्ये," ती म्हणाली. "तुमी चोक लावून दोऱ्या मारताय, त्ये काय करंल बापडं? प्लगचा पाना द्या."

"काय?"

"पाना, वो. आन् काचपेपर."

दिनानाथने पाना दिला, गंमत बघू म्हणून. शालनने प्लग काढला. काळाकुट्ट, ओलाचिंब. तिने तो फडक्याने पुसला, काचपेपरने टोक घासलं, फुंकर मारली. प्लग बाहेर असतानाच पाच-सहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर उडवलं. मग प्लग बसवला, वायरची टोपी घट्ट दाबली, चोक काढला. एक पाय मशीनच्या कडेवर ठेवून तिने दोरी हळूच ओढली, हाताला जड लागेपर्यंत. तिथून ती परत जाऊ दिली, आणि मग खांद्यातून एकच आखूड झटका दिला.

मशीन खोकलं, काळा धूर ओकलं आणि एका सुरात चालू लागलं. शेतकऱ्यांपैकी एकाने शिट्टी मारली. शालनने ते गुडघाभर गवतात घातलं, निम्मंच पातं भरेल इतपत, आणि प्लॉटच्या टोकापर्यंत सरळ रेघ मारून परत आली. तिच्या मागे हिरवा पट्टा स्वच्छ पडला होता.

"ह्येच बांधा," ती म्हणाली. "आन् प्लग नवा द्या."

दिनानाथने दोन प्लग दिले. "मावशी, मुकादमांना घरी बसवा आणि तुम्ही दुकानात या कामाला," तो म्हणाला, आणि यावेळी हसण्यात मस्करी नव्हती.

परत येताना दोघं टेम्पोत पुढे बसली. सानपाडा गेलं, जुईनगर गेलं. नेरूळजवळ हौसेराव म्हणाला, "हे तू कवा शिकलीस?"

"ओढ्यावरचा पंप न्हवता का आपला? पेट्रोलवर चालू करायचा आन् तापला की राकेलवर टाकायचा."

"तो तर धाकट्या चालवायचा की."

"भावजी कारखान्यात जायाचं कामाला. तुमी यायचा जत्रंला आन् दिवाळीला, तवा दोन दिस त्ये पंपापाशी हुबं ऱ्हायचं. बाई माणूस इंजान चालवती म्हनून लोक हसत्याल, असं तुमच्या आईंचं म्हननं." शालन पुढच्या रस्त्याकडेच बघत होती. "एकवीस वरसं. पैसं तुमी धाडत हुता. रानाला पानी कोन धाडत हुतं?"

हौसेरावने मागे वळून मशीन नीट बांधलंय का ते पाहिलं, आणि टेम्पोवाल्याला खड्ड्यातून हळू घे म्हणून दटावलं. मग नजर दुसरीकडेच ठेवून तो म्हणाला, "मला सांगायचंस की गं." आवाज ओला होता. शालनला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची दया आली आणि त्याच्यावर मायाही दाटून आली.

रविवारी सकाळी नऊ वाजता कुलदीप पेपर घेऊन खुर्चीत बसला. समोरच्या गॅलरीत शेजारी, कंपाउंडवर त्यांची पोरं. शालनने साडी वर खोचली, पायात कुलदीपचे जुने कॅनव्हासचे बूट घातले. हसू आवरत नव्हतं सुनयनाला, पण तिनेच वाकून त्या बुटांच्या नाड्या बांधल्या.

पहिली दोरी वाया गेली. कुलदीपने पेपरचं पान उलटलं. दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं आणि पान अर्धवट हवेत राहिलं.

गवत ओलं होतं आणि उंच. शालनने दांडी सगळ्यात वरच्या खाचेत टाकली होती, दरवेळी निम्मंच पातं भरत ती चालत होती. पेरूच्या झाडाभोवती गोल, नळाच्या कडेने बेताने, पुन्हा सरळ. अर्ध्यावर मशीन चोंदलं. कुलदीप उठलाच होता, पण हौसेरावने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. शालनने मशीन बंद केलं, आधी प्लगवरची टोपी उपसली, मग ते आडवं करून काठीने ओला लगदा काढला. हाताने नाही, काठीने.

कुलदीप बघतच राहिला. कंपनीत नव्या माणसाला पात्याजवळ जायच्या आधी प्लग काढायला शिकवताना त्याचा घसा कोरडा पडायचा, आणि इथं त्याची आई ते न सांगता करत होती. "आबा, हे हिला कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"तुला वाढवायच्या नादात शिकली," हौसेराव म्हणाला. "तू बोर्डिंगात, मी मुंबईत. आपन दोघंबी गैरहजर हुतो."

पावणेदहाला फरशीवाला गोटीराम आला. हातात टेप, कानावर पेन्सिल. त्याने टेपचं टोक फाटकाला लावलं आणि तेवढ्यात शालन मशीन घेऊन सरळ त्याच्याच अंगावर आली. गोटीराम उडी मारून बाजूला झाला. पोरं टाळ्या पिटायला लागली. शालनने शेवटची रेघ कंपाउंडपर्यंत नेली, मशीन बंद केलं आणि पदराने तोंड पुसलं. सगळी पट्टी एकसारखी झाली होती आणि हवेत कापलेल्या गवताचा हिरवा वास भरला होता.

"शेठ, आतून मापू की बाहेरून?" गोटीरामने कुलदीपला विचारलं.

कुलदीपने पेपरची घडी केली. तो उठून आईपाशी गेला आणि कापलेल्या गवतात, चपला बाजूला काढून, उभा राहिला. "मला नका विचारू," तो म्हणाला. "जागा आईची आहे. तिला विचारा."

गोटीराम टेप सावरत शालनकडे वळला. "मग काय करायचं, काकी?"

रान सोडून आल्यापासून शालनला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिचे डोळे भरून आले, ते तिने लपवलेही नाहीत.

"फरशी बसायची न्हाई हितं," ती म्हणाली. "च्या पिऊन जावा, पर आदी तेवढं बाजूला व्हा. आत्ता निस्तं वरचं उतरवलंय, अजून खालचा हात बाकी हाय."

तिने दांडी दोन खाचा खाली घेतली आणि दोरीला हात घातला.