मोडायचे काम मिळालेली काच

मी एक जुनी काचेची पट्टी आहे, मित्रांनो. खरे सांगायचे तर आता अर्धीच उरले आहे आणि बटणांच्या डब्यात राहते. एवढ्याशा जिवाला कसले आले आहे आयुष्य, असे म्हणाल. पण ऐका तर खरे! देवाने कुणाला उजेड आत घ्यायचे काम दिले, कुणाला चेहरा दाखवायचे. मला दिले मोडायचे.

काच कापणाऱ्याने माझे मोठे भावंड खिडकीला दिले. कडेची उरलेली पट्टी मी. "असू दे, लागेल कुठेतरी," म्हणत त्याने मला कोपऱ्यात उभे केले. तिथून मला मोजणीबाईंनी उचलले.

तेव्हा शहरात जमिनीखाली रेल्वेचे स्टेशन खणत होते. रस्त्याचे पोट फाडलेले, यंत्रांचा धडधडाट, काठावरच्या घरांत भांडी आपोआप वाजायची. ती घरे हलतात का, हे पाहणे मोजणीबाईंचे काम. एका घराच्या भिंतीला तडा होता. तड्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टरचे गोळे लावून त्यांनी मला मधोमध आडवे बसवले. भिंत केसभर सरकली तरी मी मोडायचे, आणि मी मोडले की घर रिकामे करायचे.

मग त्या घरात माझे स्वागत कसे झाले असेल!

घर एका म्हाताऱ्या गवंड्याचे. भिंत त्याने स्वतःच्या हाताने रचलेली. मुलगा परगावी कामाला, घरात सासरे आणि सून. सून माझ्याच शेजारी मशीन मांडून कपडे शिवायची. म्हातारा येता-जाता माझ्याकडे असा बघायचा की मी तापून जावे.

"ही काच नाही, सूनबाई. घराबाहेर काढायचं निमित्त चिकटवलंय त्यांनी."

मोजणीबाई दारात आल्या की त्याचे सुरूच. "आलात? किती हलवलंत आज माझं घर?"

"आजोबा, मी फक्त बघायला येते."

"बघा, बघा! दृष्ट लावायलाच तर पगार मिळतो तुम्हाला."

बाई निमूट मला बघून जायच्या. पाणीसुद्धा कुणी विचारत नसे. सूनही त्यांना पाठ करून मशीन दामटायची.

एका सकाळी सून कपडे पोचवायला गेली होती. खालून एक जोराचा हादरा आला, आणि टच्च! मी मोडले. मित्रांनो, दुखले, पण मनातून धन्य वाटले. नेमून दिलेले काम हातून झाले होते. आता ही माणसे वाचतील.

म्हाताऱ्याने दार लावून घेतले. एका बाजूचे प्लास्टर हलक्या हाताने उकरले, माझा तुकडा सरकवून दुसऱ्याला भिडवला, मध्ये गोंद भरला. नवे प्लास्टर लावून वर धूळ चोळली, की जुने दिसावे. आयुष्यभराची कसबी बोटे ती! मला किंचाळायचे होते. काचेला एकदाच बोलता येते, आणि माझे बोलणे त्याने चिकटवून टाकले.

दुसऱ्या दिवशी सून माझ्यावरची धूळ पुसत होती. तिचा अंगठा सांध्यावर अडकला. शिवणारीच ती, जोड कुठे आहे हे तिला सांगावे लागत नाही.

"बाबा, ही कधी मोडली?"

"हळू बोल! बाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत."

"आणि आत राहिलो तर?"

"माझी भिंत आहे ती. मी रचलीय. ती नाही पडायची."

तेवढ्यात दार वाजले. मोजणीबाईंनी मला नेहमीसारखे पाहिले आणि वळल्या. सुनेने मशीनवरून मान वर केली.

"बाई, थांबा. ती काच जोडलेली आहे."

"घरभेदी!" म्हातारा ओरडला.

बाईंनी खिडकीतून शिट्टी मारून खालचे खणणे थांबवले. "आत्ताच्या आत्ता बाहेर! शेजाऱ्यांना मी बघते," म्हणत त्या धावल्या. म्हातारा खाटेवर घट्ट बसला. सुनेने मशीन उचलले होते, त्याच्याकडे बघून खाली ठेवले. त्याला दंडाला धरून ओढत नेले. तो शिव्या देत होता, तीही देत होती.

रस्त्यापलीकडे पोचतात न पोचतात तोच भिंत बसली. मशीनसकट, माझ्या अर्ध्या अंगासकट.

धूळ खाली बसली. मग म्हाताऱ्याने विचारले, "तुझं मशीन?"

"एका वेळी एकच उचलता आलं, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही जास्त जड निघालात."

त्याने तोंड फिरवले. पुढे ढिगारा उपसताना त्याला मी सापडले. मला धुऊन त्याने तिच्या बटणांच्या डब्यात ठेवले. सुनेशी तो अजून तिरकेच बोलतो, पण आता जिथे राहतात तिथे भिंतीला चरा दिसला की आधी तिलाच हाक मारतो.

आता तिथे स्टेशनचा जिना आहे. माझा दुसरा तुकडा त्याच्या आसपास कुठेतरी असेल.

मित्रांनो, एवढेच मागते. तुमच्या घरात काही तुटले, कुणी दुखरे बोलले, तर त्याला घाईने चिकटवून गप्प करू नका. आधी भिंतीकडे बघा.