जावईबापूंचा गुडघा

“मागे बघ! चेंडू यायच्या आधी मागे बघ!”

तारेच्या कुंपणापलीकडून वडिलांनी मारलेली ती हाक उनाईच्या कानात पुन्हा उठली, तेव्हा तो बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर, पाटावर मांडी घालून, तिळाचं पाणी सोडत होता. हाक स्पॅनिशमधली, समुद्राकाठच्या चिखलातली, पोरवयातली. पाणी ऋचासाठी. बायकोला जाऊन आज वर्ष झालं होतं.

गुरुजींनी आधी जरा काचकूच केली होती. परदेशी माणूस, त्याने केलेलं कसं पोचायचं? तेव्हा सासऱ्यांनी, श्रीधरपंतांनी, चष्मा पुसता पुसता म्हटलं होतं, “दवाखान्यात तिला रात्रंदिवस पाणी कोणी पाजलं, ते विचारा पितरांना. त्यांना चालेल.”

“झालं,” गुरुजी म्हणाले आणि उनाई उठला. हात न टेकता, एका झोक्यात, मैदानावर पडलेला खेळाडू उठतो तसा. उठल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. ते खाली वाकून दर्भ गोळा करत होते.

फुटबॉल सुटल्यापासून या घरात तो जमिनीवर बसला नव्हता. गुडघा गेला म्हणून खेळ सुटला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पानं मांडली की श्रीधरपंत स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, “अगं, जावईबापूंना खुर्ची दे. स्पेनचा माल आहे, वॉरंटी संपलीय!” ऋचा हसायची. ताटावर वाकून, ठसका लागेपर्यंत हसायची. मराठी पुरतं उमगायला लागलं तसे ते टोमणे उनाईला बोचायला लागले. पण तिचं हसू कानावर आलं की तो मुकाट्याने खुर्ची ओढून घ्यायचा.

तसा त्याचा खेळ कुणाच्या डोळ्यांत भरणारा नव्हताच. मधल्या फळीतला माणूस. मागून आलेला चेंडू घ्यायचा, पुढच्याच्या पायाशी नेऊन ठेवायचा. पेरणी आपली, रास दुसऱ्याची. उमेदीची सारी वर्षं स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत, गारठलेल्या गावांच्या मैदानांवर सरली. उतरणीला लागल्यावर पुण्याच्या एका क्लबने बोलावलं, आणि दुभाषी म्हणून आलेली, स्पॅनिश शिकवणारी ऋचा भेटली. मग बालेवाडीच्या मैदानावर, भलत्याच वयात, त्याचा खेळ मोहरला. चेंडू पायाशी यायच्या आधी सगळं मैदान त्याला दिसायचं. क्लबने नवा करार पुढे केला त्याच आठवड्यात ऋचाचा रिपोर्ट आला. तो मात्र त्याला दिसला नव्हता.

“आईबाबांना एवढ्यात नको,” ती म्हणाली होती. “कळलं की ते माझ्याकडे बघतील. बघतच राहतील.”

खेळ सोडायला कारण हवं होतं. उनाईने गुडघ्याचं नाव घेतलं.

गुरुजी गेले, जेवणं उरकली. उद्या त्याचं विमान होतं. वडिलांच्या गावी पोरांना खेळ शिकवायचं काम मिळालं होतं. परत येणं होईल असं वाटत नव्हतं. हे खोटं सोबत न्यायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. लेकीचे शेवटचे किती महिने आपण यांच्यापासून चोरले, हे कळल्यावर हा म्हातारा आपलं तोंडही पाहणार नाही, हेही त्याला दिसत होतं.

श्रीधरपंत गॅलरीत ओला पंचा वाळत घालत होते.

“बाबा, एक सांगायचंय.”

“सांगा की. फुकट आहे तोवर सांगून घ्या.”

“माझा गुडघा…”

“त्याचं काय आता? खुर्ची आणू?”

“गुडघा चांगला होता. नेहमीच.” उनाईने कठडा धरला. “ऋचाचं कळलं म्हणून मी खेळ सोडला. तुम्हाला सांगितलं, त्याच्या खूप आधी कळलं होतं. ती नको म्हणाली. पण मी सांगायला हवं होतं. तुम्हाला तिच्याजवळ बसता आलं असतं.”

श्रीधरपंतांनी पंचा उलटा केला. पुन्हा सुलटा केला. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं; ती सुरू होईना.

“हडपसरला गेलो होतो मी, मोतीबिंदू दाखवायला,” ते म्हणाले. “समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही दोघं बसला होतात. तिचं डोकं तुझ्या खांद्यावर. दवाखाना कशाचा, ती पाटी मला वाचता आली. मोतीबिंदू एवढा पिकला नव्हता.”

“कधी?”

“तुझा गुडघा गेल्याचं पेपरात आलं, त्याच सुमारास.”

उनाई कठडा सोडून त्यांच्याकडे वळला. “मग आला का नाहीत आमच्याकडे?”

“रस्ता ओलांडायला पाऊल उचललं होतं. तेवढ्यात ती हसली. काय सांगितलंस तिला, देव जाणे. मग आली त्या बसमध्ये चढलो.”

“आणि तरी तुम्ही मला… ती खुर्ची, ती वॉरंटी…” त्याचा आवाज चढला.

“हळू बोल. आत आनंदीला अजून माहीत नाही.”

आत सासूबाई भांडी विसळत होत्या. श्रीधरपंतांनी पंच्याची टोकं जुळवली, आणि त्यांचे हात तिथेच थांबले.

“तुझ्याशी एकदम गोड बोलायला लागलो असतो,” ते म्हणाले, “तर पोरीने तिथल्या तिथे ओळखलं असतं. अरे, आजारी नसायला तिला एवढं एकच घर उरलं होतं.”