शिरड शहापूरचा विमान अपघात

आमच्या शिरड शहापुरात विमान पडलं. औंढ्याला देव हाय, नरसीला संत हाय, आमच्याकडं आता हे.

विमान म्हणजे फवारणीचा ड्रोन. बचत गटातून राधिकाला मिळालेला. चालवायचं रीतसर शिकून आलेली सून हाय ती. हळदीवरून उडता उडता तो गरगरला अन् मुंजाजीच्या शेरडांच्या वाड्यात आदळला. शेरडं वाचली, पंखा गेला.

चौकशीला साहेब आले. म्हणाले, "कायद्यानं ड्रोनसुद्धा विमानच." तिथंच गावाची छाती फुगली. "अपघाताची कारणं चार. चालकाची चूक, यंत्रातला बिघाड, हवामान, नाहीतर जनावर-पाखरू. चालकाची चूक निघाली तर ड्रोन दुसऱ्या गावाला जाईल."

राधिकानं मान खाली घातली. तिच्यासाठी गाव कामाला लागलं.

"हवामान लिवा," सरपंच सुदाम म्हणाला. "लई वारं होतं."

"नोंद बघितली मी," साहेब म्हणाले. "त्या दिवशी पानसुद्धा हललं नव्हतं."

"मग जनावर लिवा," मुंजाजी म्हणाला. "माझ्या बोकडानं पाडलं."

"बोकड उडतो का?"

"तुमी त्याला बघितलं न्हाई, साहेब."

साहेबांनी मोडका पंखा उलटा केला. बुडाशी काळा दोरा गुंडाळलेला, दोऱ्यात चेंगरलेली मिरची. आमच्यात नवा ट्रॅक्टर लिंबू-मिरचीबगर दारातून हालत न्हाई. विमानाला काहून सोडायचं?

"हे कोणी बांधलं?"

"मीच..." राधिका म्हणायला लागली, तर सासू पंचफुलाबाई पुढं आली.

"गप बस. मी बांधलं, साहेब. सगळ्या गावाची नजर होती त्याच्यावर."

"अन् उडवण्याआधी हिनं तपासलं नाही?"

"बराबर तपासलं की. तिचं झाल्यावरच बांधलं. आधी बांधलं असतं तर तिनं सोडलं असतं."

"तुमचा ड्रोनशी काय संबंध?"

"रोज पुसतं कोण? पोरं हाकलतं कोण? मीच."

साहेबांनी कपाळ चोळलं. "पाचवं एक कारण आहे. देखभालीतली चूक. देखभाल करणाऱ्याचं नाव सांगा."

"पंचफुलाबाई," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिवा."

नवा पंखा बसला. आता राधिका रिमोट गळ्यात अडकवून विचारते, "आत्याबाई, उडवू का?" पंचफुलाबाई भोवती फिरून वाकून बघती, मगच मान हालवती. औंढ्याच्या बाजारात सांगती, "आमच्या विमानाची देखभाल माझ्याकडं हाय."

लिंबू-मिरची आता मुंजाजीच्या बोकडाच्या गळ्यात हाय. विमान पाडणारा म्हणून लांबून लोकं बघायला येऊन राहिले, त्याला नजर लागू नये.