पाय ठरेल अशी फरशी

"आवं, कशाला खराब करून राहिलात? चांगली हाय की फरशी!" खाटेवरून सरजाबाई ओरडल्या.

साहेबरावांनी मान वर केली नाही. छन्नी धरली आणि हातोडा हाणला. कपची उडाली.

लातुरात तीस वर्षं त्यांनी लोकांच्या फरश्यांना पॉलिश केलं. मशीन फिरवायचं, पाणी ओतायचं, घासत राहायचं आणि शेवटी घरमालकाला म्हणायचं, "वाकून बघा, तोंड दिसतंय का." दिसलं नाही तर पुन्हा मशीन चालू करायचं. स्वतःच्या घराची पाळी आली तेव्हा तर हात आवरलाच नाही. सरजाबाई म्हणाल्याही होत्या, "लई गुळगुळीत नको. खरबरीतच बरी, पाय ठरतो." ते हसले होते. मिस्त्रीच्या घरात खरबरीत फरशी? लोक काय म्हणतील!

मागच्या महिन्यात सरजाबाई न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर आल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त, ऑपरेशन झेपायचं नाही, आता चालणं विसरा, असं डॉक्टरांनी साहेबरावांना बाजूला घेऊन सांगितलं. ते त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. मुलगा आनंदराज नांदेडहून येऊन चार दिवस राहिला. बापाला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

आज सकाळी ते उठले आणि छन्नी घेऊन बसले. दुपारपर्यंत खाटेपासून न्हाणीपर्यंत हातभर रुंद पट्टा टोचून झाला. आरशासारख्या फरशीवर देवीचे व्रण उठल्यासारखं दिसत होतं. बोटं सोलली होती.

"बघ सरजे, आता न्हाई घसरायचीस," ते म्हणाले.

सरजाबाईंनी त्यांच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग खाटेवरून हात खाली सोडून फरशीवर तळवा घासला.

"हाव," त्या म्हणाल्या. "आता ठरंल पाय."

हात वर घेऊन त्यांनी पांघरूण नीट केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

साहेबरावांना कळलं, डॉक्टर काय म्हणाले ते हिला सगळं माहीत आहे. त्यांनी केरसुणी आणली आणि न्हाणीपर्यंतच्या कपच्या एकेक करून झाडून काढल्या, तिच्या पायाला टोचू नयेत म्हणून.