चपला काढून मिस कॉल

आमच्या केंदूरच्या शाळेत एकच कॉम्प्युटर आहे, पण त्याचा थाट नवरदेवाचा. स्वतंत्र खोली, वर भरतकामाचा रुमाल, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. चावी कायम हेडसरांच्या खिशात.

माझे मेहमूदमामू शिक्रापूरला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरतात, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून देतात. शेतकऱ्यांच्या पंपाला मोबाइल जोडून देतात. घरून मिस कॉल द्यायचा, विहिरीवर पंप चालू! मी म्हटलं, "मामू, मग कॉम्प्युटर का नाही?"

"त्यानं काय उसाला पाणी द्यायचंय व्हय गं, तहमीना?" मामू हसले, पण जुना मोबाइल दिलाच.

कॉम्प्युटरचा डबा उघडून, चालू करायच्या बटणाच्या दोन वायरींना आम्ही तो मोबाइल जोडला. एकच रिंग म्हणजे बटणाला बोट लावल्यासारखं, कॉम्प्युटर चालू. रिंग वाजतच राहिली तर बोट दाबून धरल्यासारखं, बंद!

हेडसर म्हणाले, "शिरूरच्या विज्ञान प्रदर्शनात चाललं तर ठीक. न्हाईतर उद्याच समद्या वायरी बाहेर."

प्रदर्शनात माझ्या टेबलावर नुसता मामूंचा मोबाइल, मागे हेडसर उभे. परीक्षकांनी विचारलं, "कॉम्प्युटर कुठंय?"

"केंदूरला, सर."

शेजारचे ज्वालामुखीवाले फिदीफिदी हसले. मी मामूंच्या मोबाइलवरून कृपाला फोन लावून स्पीकर चालू केला. माझी ही मैत्रीण शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर, खिडकीशी उभी होती. मग हेडसरांच्या मोबाइलवरून मिस कॉल दिला.

"लागला! अगं, लागला!" कृपा ओरडली.

परीक्षक म्हणाले, "मैत्रिणीनंच बटण दाबलं असेल. मी लावून बघतो."

त्यांनी स्वतःचा मोबाइल कानाला लावला आणि वाट बघत राहिले. रिंग वाजतेय, वाजतेय...

"सर, कट करा! कट!"

"थांब गं, उचलतील की."

"तहमीने!" स्पीकरमधून किंकाळी आली. "चांगला चालला होता, बंद का केलास गं?"

सगळे खो खो हसले. परीक्षकही ओशाळून हसले, पण हट्ट सोडेनात. "ती खोलीत जाऊन बंद करू शकतेच ना?"

मी हेडसरांकडे पाहिलं.

तेवढ्यात हेडसरांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "खोलीला कुलूप हाय, साहेब. आन् चावी ही."

परीक्षकांनी चावीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा नंबर लावला. या वेळी एका रिंगेत कट.

"लागला!" कृपा.

"जिल्ह्याला पाठवू या हिला," परीक्षक म्हणाले. मी इतक्या जोरात उडी मारली की ज्वालामुखी कलंडला!

निघताना हेडसर थबकले. "अगं, तो तिकडं चालूच राहिला की. बंद कोण करणार?"

"तुम्हीच, सर. रिंग वाजू द्या."

त्यांनी मोबाइल हातात घेतला, नंबर काढला, इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच चपला काढल्या आणि कॉल लावला.