बाबांचं तेज आणि डब्याचं झाकण

फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. दारातून येणाऱ्या उन्हाकडे तोंड करून तेजोबाबा बसले होते, गळ्यात ताटलीएवढं पितळी पदक. बाजूला आजीच्या मांडीवर फोटोग्राफरची तान्ही लेक. केवढे टपोरे डोळे! न रडता पाणी घळाघळा. बाबा तिच्याकडे वळले की डोळे गच्च मिटत. बाबा फिरले की उघडत.

"पाहिलंत? आमचं तेज सोसवत नाही! डोळे वाढताहेत, कारण त्यांत त्रैलोक्य मावायचंय. औषध घातलंत तर त्रैलोक्य बुडेल!"

देवाच्या नावाने माझेही हात जुळतात हो. पण थेंबभर औषधात त्रैलोक्य बुडतं, हे कुठल्या कीर्तनात ऐकलं नव्हतं.

पासपोर्टच्या फोटोसाठी डोळ्यांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्याचं काळं फडकं बाबांच्या पदकावर टाकलं. "आता वळा."

बाबा वळले. लेक टुकूटुकू बघत राहिली.

मग बाईंनी आपल्या जेवणाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण उन्हात धरून कवडसा पाडला. डोळे गच्च!

"पडा माझ्या झाकणाच्या पाया!"

"झाकणातही आमचंच तेज!" बाबा ओरडले.

"मग डब्यात जाऊन बसा," आजी म्हणाली. सगळे खो खो हसले.

बाई मात्र हसल्या नाहीत. "बुबुळं धुरकटलीत हिची. भिंतीवरच्या फोटोत तर काळीभोर आहेत!"

फोटोग्राफरने भिंतीवरचा फोटो खाली काढला. "ती मीच रंग भरून काळी केली. लेन्सवर धूळ असेल म्हटलं. दर फोटोत पुसत आलो."

"धूळ नाही, काचबिंदू वाटतोय. लहान मुलांनाही होतो. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं. ते बाहेर जायची वाट जन्मतःच नीट झालेली नसते. पाणी तुंबतं, दाब वाढतो, कोवळा डोळा ताणून मोठा होतो. उजेड खुपतो. आत नजरेची नस सुकत जाते."

"पोटात असताना माझं काही चुकलं का हो?" मागे उभ्या असलेल्या लेकीच्या आईने विचारलं.

"नाही गं. बहुतेकदा कारण सापडत नाही. काही घरांत रक्तातून येतं. ऑपरेशनने वाट मोकळी करायची, लागतील तसे थेंब घालायचे, मोठी झाली तरी तपासत राहायचं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. आजच चला."

"अरे, त्रैलोक्य..." बाबा पुटपुटले.

"त्रैलोक्य राहू दे," आजी नातीला उचलत म्हणाली, "आधी तिला आईचं तोंड दिसू दे."

ऑपरेशन झालं. डोळे अजून मोठेच आहेत, तपासण्या चालू आहेत. पण आई दारात दिसली की लेक खुदकन हसते.

मंडळी, बाळाचे डोळे टपोरे, पाणावलेले, उजेडाला भिणारे दिसले, तर कौतुक करत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे धावा. देवाला हात वाटेतही जोडता येतात.