प्रत्येक आवाजाला एक फोड

माझे बाबा बंदुका दुरुस्त करायचे. घरामागेच त्यांचं वर्कशॉप होतं. दुरुस्त झालेली प्रत्येक बंदूक अंगणाच्या टोकाला ठेवलेल्या वाळूच्या पेटीत झाडून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. शेजारीपाजारी त्या आवाजाच्या नावाने बोटं मोडायचे, पण शिकारीचा मोसम जवळ आला की तेच स्वतःची गंजलेली बंदूक घेऊन दारात हजर.

बाबा स्वतःही शिकारीला जायचे, पण वर्षाला एकच हरीण मारायचे आणि तेही खाण्यासाठी. खाणार असशील तरच चाप ओढायचा आणि मारलेलं वाया घालवायचं नाही, एवढाच त्यांचा नियम होता. हौसेखातर मारून मुंडकी भिंतीवर टांगणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. बंदुका मात्र ते त्यांच्याही दुरुस्त करत. मी हे बोलून दाखवलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तू दुकानातून मांसाचं पाकीट आणतेस, त्यातलं जनावर काय म्हातारपणाने गेलं का, असं ते विचारायचे. त्यावर मी त्यांनी मारलेलं खाणं सोडलं आणि पाकिटातलं खात राहिले. तत्त्वं आमच्या घरात सगळ्यांकडे होती, आणि सगळ्यांची थोडी थोडी फाटकी होती.

एका मोसमाच्या शेवटी बाबांनी एक मादी टिपली. पिल्लू असलेल्या मादीला ते कधी हात लावत नसत. बराच वेळ दबा धरून बसले, पिल्लू दिसलं नाही, तेव्हा कुठे त्यांनी गोळी झाडली. मादी पडली आणि तिच्या शेजारच्या गवतातून एक पाडस उठून उभं राहिलं. ते उशिरा जन्मलेलं होतं. एरवी त्या दिवसांत इतकं लहान पाडस रानात नसतंच. बाबा मेलेल्या मादीला गाडीत आणि तिच्या लेकराला कोटात घालून घरी आले आणि थेट वर्कशॉपमध्ये जाऊन बसले.

माझ्या आईने पाडसाला टॉवेलात गुंडाळलं, दूध कोमट केलं आणि बाटली त्याच्या तोंडाशी धरली. शेजारच्या शेगडीवर त्याच्याच आईचं मांस शिजत होतं, कारण वाया घालवायचं नव्हतं. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही.

पाडस मादी होतं. दूध पिऊन पिऊन ती अशी गोल झाली की आईने तिचं नाव ठमी ठेवलं. ठमी आईच्या मागे मागे घरभर फिरायची, आई कपडे वाळत घालायला लागली की ओले मोजे पळवायची. आईने मला कधी इतकं शेफारून ठेवलं नव्हतं, हे मी दोघींनाही ऐकवायचे.

अडचण एकच होती. बाबांनी वाळूच्या पेटीत गोळी झाडली की ठमी वेड्यासारखी धावायची, भिंतीवर आदळायची आणि गुडघे फोडून घ्यायची. बाबांचं काम तर थांबणार नव्हतं. शेवटी आईनेच तोड काढली. बाबा बंदूक उचलायच्या आधी हाक द्यायचे, आई ठमीला कवेत धरून बसायची आणि आवाज झाल्या झाल्या तिच्या तोंडात सफरचंदाची फोड घालायची. प्रत्येक आवाजाला एक फोड. पहिले काही दिवस ठमी थरथरत खायची. मग थरथरणं थांबलं. मग आवाज झाला की ती जिथे असेल तिथून कान टवकारून धावत येऊ लागली. बाबा हसून म्हणायचे की एवढ्या आनंदाने तर माझी गिऱ्हाइकंसुद्धा येत नाहीत. आम्ही तिघंही हसायचो. तेव्हा ते किती साधं वाटायचं.

ठमी मोठी झाली तशी वनरक्षकाने तंबी दिली. रानातलं जनावर घरी ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. त्याने गाडी आणली, तिला ओढ्यापलीकडच्या रानात, हरणांच्या कळपाजवळ सोडलं. आईने दोन दिवस धड जेवण केलं नाही. ठमी कळपात रमली, असं वनरक्षक पुढे सांगायचा, आणि आई ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची.

पुढचा मोसम तोंडावर आला. शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरांची बंदूक दुरुस्त झाली होती. बाबांनी ती वाळूच्या पेटीत झाडून बघितली. थोड्या वेळाने मागच्या कुंपणाशी काहीतरी हललं. ठमी उभी होती, उंच, अंगाने भरलेली. तिने कुंपणावरून उडी मारली, सरळ आईपाशी आली आणि तिच्या ओच्यात तोंड घातलं.

आईला रडू की हसू असं झालं. ती सफरचंद आणायला आत पळाली. मीही ठमीच्या गळ्यात पडले. मग माझं बाबांकडे लक्ष गेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"देऊ नकोस," ते फोड घेऊन बाहेर आलेल्या आईला म्हणाले. "अगं, आवाज ऐकून आली ती. मोसम सुरू झाला की रानभर आवाज होणार."

आईच्या हातातली फोड हातातच राहिली.

त्या दिवसापासून बाबांनी वाळूच्या पेटीला हात लावला नाही. ठमीला माणसाची भीती शिकवायची, असं आम्ही ठरवलं. बाबा तिच्या अंगावर ओरडले, मी पत्र्याचा डबा बडवला. ती माझ्याकडे मान तिरकी करून बघत राहिली. शेवटी बाबांनी खडा मारला. तो तिच्या पायाला लागला. ती दचकली आणि धावत जाऊन आईच्या मागे लपली. लागलं तर आईकडे जायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी उरलेले खडे खाली टाकले. परत काही त्यांनी ते उचलले नाहीत.

मग मोसम संपेपर्यंत तिला जळणाची लाकडं ठेवायच्या खोलीत कोंडून ठेवायचं ठरलं. बाबा वनरक्षकाच्या हातापाया पडून आले. त्यानेही बघून न बघितल्यासारखं करायचं कबूल केलं. खोलीला भक्कम दार होतं आणि वर एक लहानशी खिडकी होती. त्या खिडकीकडे आमच्यापैकी कुणी नीट बघितलं नाही.

मोसमाच्या पहिल्या सकाळी टेकडीवर पहिला आवाज झाला. लगेच लाकडाच्या खोलीत धडपड ऐकू आली आणि काच फुटली. आम्ही बाहेर येईपर्यंत ठमी कुंपणाबाहेर गेली होती. आई ओच्यात सफरचंदं घेऊन अनवाणी तिच्यामागे धावली, पण शेताच्या कडेपर्यंतच पोचली. हरणामागे कोण पोचणार?

तेव्हा बाबांनी काय केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ते आतून स्वतःची बंदूक घेऊन आले आणि वाळूच्या पेटीसमोर उभे राहिले. आईला हाक मारून म्हणाले, "इथे उभी राहा. फोड हातात धर." आणि त्यांनी गोळी झाडली.

आई पेटीपासून जरा लांब, हात पुढे करून उभी राहिली. बाबा झाडत होते, थांबून कानोसा घेत होते, पुन्हा झाडत होते. घरात जेवढी काडतुसं होती तेवढी मी त्यांना आणून देत होते. ये ना गं, ये ना, असं आई पुटपुटत होती. पण टेकडीवरही आवाज होत होते, आणि ते तिला जवळ होते. काडतुसं संपली. बाबांनी रिकामी बंदूक पुन्हा खांद्याला लावली, चाप ओढला आणि तसेच उभे राहिले. आईच्या हातातली फोड काळी पडली होती. मी ती काढून घेतली.

दुपारी दातांचे डॉक्टर आले. मोसमातल्या पहिल्या शिकारीचा वाटा बंदूक दुरुस्त करणाऱ्याला द्यायचा, अशी आमच्याकडे रीत होती. ते बिचारे रीत पाळायला आले होते. त्यांची ती पहिलीच शिकार होती आणि चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

"मिस्त्री, इतकी धीट हरिणी मी जन्मात पाहिली नाही," ते म्हणाले. "माझी पहिली गोळी चुकली, नर पळून गेला. आणि ही झाडीतून सरळ माझ्याकडे चालत आली. काहीतरी मागायला यावी तशी."

मुंडकं ते भिंतीवर लावणार होते. मांस त्यांच्या घरी कुणी खात नसे, म्हणून वाट्याऐवजी ते सगळंच एका मोठ्या पातेल्यात भरून घेऊन आले होते. मला त्यांना सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलंही होतं, पण आईने माझा दंड घट्ट धरला. बाबांनी दोन्ही हातांनी ते पातेलं घेतलं आणि बंदूक कशी वाजली असं विचारलं. झकास, असं डॉक्टर म्हणाले.

ते गेल्यावर बाबा कुदळ शोधायला लागले. पुरायचं म्हणत होते. जन्मभराचा नियम मोडायला निघालेला तो माणूस कुदळ उचलून अंगणाकडे निघाला होता. मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती.

आईने त्यांच्या हातातून कुदळ काढून घेतली. "नाही पुरायचं," ती म्हणाली. "आपण खाल्लं नाही, तर ती त्यांच्या भिंतीसाठी मेली असं होईल."

तिने ते शिजवलं. तीन ताटं मांडली. माझं ताट तिने विचारून मांडलं नाही आणि मीही ताटावर येऊन बसले. बाबांचे अश्रू ताटात पडत होते, ते पुसत नव्हते. आई एकेक घास बराच वेळ चावत होती. मग मीही घास तोंडात घातला.

मांस फार कोवळं होतं. असणारच. आईने तिला कशाची कमी पडू दिली नव्हती.